दुर्बिणीच्या आधीचे प्रश्न

पोटाच्या विकारांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेली पत्रे वाचताना एक शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रात भेटला, तो म्हणजे ‘पित्त’. छातीत जळजळले तरी पित्त, अर्धे डोके दुखून उलटी झाली तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरीही पित्तच. आम्लाचा त्रास, अर्धशिशी आणि अ‍ॅलर्जी या तीन अगदी निराळ्या गोष्टींना आपल्या बोलण्यात हा एकच शब्द पुरतो. शरीरशास्त्रात मात्र पित्त म्हणजे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस, आणि जठरातले आम्ल हे त्याहून वेगळे द्रव्य आहे. या शब्दावर माझा आक्षेप नाही, कारण माझ्या घरीही तो आजीपासून चालत आला आहे. पुण्यात इतकी वर्षे पोटाचे रुग्ण तपासताना माझ्या लक्षात आलेली अडचण एवढीच, की त्रासाला एकदा ‘पित्त’, ‘गॅस’ किंवा ‘मूळव्याध’ असे घरगुती नाव मिळाले की पुढची चौकशी थांबते, आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंत कधीकधी मोलाची वर्षे निघून जातात. म्हणून खालील उत्तरांत, एखादी तपासणी नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते आणि कोणत्या प्रश्नाचे देऊ शकत नाही, यावर माझा भर आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

मला दहा-बारा वर्षांपासून पित्ताचा त्रास आहे. आंबट पाणी घशाशी येते आणि रात्री छातीत जळजळते. औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी मी रोज सकाळी चहानंतर घेते. सोनोग्राफी दोनदा केली आणि दोन्ही वेळा सर्व ठीक आले. आता डॉक्टर तोंडातून दुर्बीण घालून तपासायला सांगत आहेत. सोनोग्राफीत काही नसताना ही तपासणी कशासाठी? मला त्या नळीची फार भीती वाटते.
— वाचिका, वय ४८, सदाशिव पेठ

उत्तर: आपल्या दोन्ही सोनोग्राफी ठीक आल्या, याचा अर्थ यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड आणि मूत्रपिंडे यांत डोळ्यांत भरण्यासारखा दोष दिसला नाही, एवढाच होतो. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेतून नीट पुढे जात नाहीत, आणि अन्ननलिका, जठर व आतडी ही तर हवा आणि अन्न असलेली पोकळ इंद्रिये आहेत. जठराच्या आतल्या नाजूक आवरणावर पडलेला व्रण किंवा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आलेली सूज सोनोग्राफीला दिसत नाही. ते पाहायचे तर कॅमेरा आतच न्यावा लागतो. ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, म्हणजे पोटात काही नाही’ हा समज मला जवळजवळ रोज ऐकू येतो आणि तो दूर होणे फार गरजेचे आहे.

जळजळ होणाऱ्या प्रत्येकाला दुर्बीण लागते, असेही नाही. तिशीतल्या माणसाला जागरण आणि झणझणीत मिसळीनंतर अधूनमधून जळजळ होत असेल, तर औषध आणि पथ्य यांवर काही आठवडे वाट पाहणे योग्य असते. गिळताना घास अडकणे, प्रयत्न न करता वजन उतरणे, डांबरासारखी काळी चिकट शौच होणे, वारंवार उलट्या होणे, हिमोग्लोबिन कमी होणे किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर त्रास नव्याने सुरू होणे, यांपैकी एक जरी गोष्ट असली तरी मात्र वाट पाहू नये. आपल्या पत्रात यांपैकी काही नाही. पण दहा वर्षे रोज गोळी घेऊनही रात्रीची जळजळ टिकून आहे, आणि अन्ननलिका सतत आम्लात भिजत राहिली तर तिच्या आवरणाचे स्वरूप बदलू शकते. आपल्या डॉक्टरांना हेच पाहायचे असणार, आणि त्यांचा सल्ला मला योग्य वाटतो.

भीतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ती खरी आहे आणि ‘काही होत नाही हो’ एवढ्या बोलण्याने ती जात नाही. तपासणीआधी सहा ते आठ तास पोट रिकामे ठेवावे लागते. घशात बधिरतेचा कडवट फवारा मारतात आणि काही मिनिटांत घसा जाड झाल्यासारखा वाटतो. आपल्याला डाव्या कुशीवर झोपवून दातांमध्ये प्लास्टिकची कडी ठेवतात आणि साधारण करंगळीच्या जाडीची लवचीक दुर्बीण जिभेवरून अन्ननलिकेत उतरवतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात उमासा येतोच आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ही दुर्बीण श्वासनलिकेत जात नाही, त्यामुळे श्वास कोंडत नाही. नाकाने संथ श्वास घेत राहावे आणि लाळ न गिळता बाहेर वाहू द्यावी, एवढे दोन नियम पाळले तर पुष्कळ सोपे जाते. अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग पाहून होईपर्यंत पाच ते दहा मिनिटे लागतात. भीती अनावर असेल तर झोपेचे इंजेक्शन मागून घ्यावे. त्यात कमीपणा नाही, मात्र त्यानंतर चोवीस तास वाहन चालवायचे नाही. पुण्यात हे मुद्दाम सांगावे लागते, कारण तासाभरात तरतरी वाटू लागते आणि हात दुचाकीच्या किल्लीकडे जातो.

आता आपल्या गोळीविषयी. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गटातल्या गोळ्या जठरातील आम्ल तयार करणारे ‘पंप’ बंद करतात, आणि हे पंप अन्न आले की कामाला लागतात. म्हणून गोळी जेवणाआधी किंवा न्याहारीआधी अर्धा ते एक तास घेतली तर पुरेपूर लागू पडते. आपण ती चहानंतर घेता, म्हणजे गेली दहा वर्षे आपल्याला औषधाचा अर्धवटच उपयोग झालेला असण्याची शक्यता आहे. आपला त्रास रात्रीचा आहे, तेव्हा ती रात्रीच्या जेवणाआधी घ्यावी का, हेही डॉक्टरांना विचारावे. दुकानातून मिळणाऱ्या गोळीत बहुधा डोम्पेरिडोन हे दुसरे औषध मिसळलेले असते. ते थोड्या दिवसांसाठी असते आणि वर्षानुवर्षे घेतल्यास हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा पाकिटावरचे नाव एकदा डॉक्टरांना दाखवावे. आपण शाकाहारी असाल तर बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्यावे, कारण आम्ल दीर्घकाळ दबलेले राहिले की अन्नातले बी-१२ कमी शोषले जाते. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून थोडी उंच करणे आणि डाव्या कुशीवर झोपणे, या तीन गोष्टींनी रात्रीची जळजळ खरोखर कमी होते.

दुर्बिणीच्या वेळी जठरातला अगदी लहान तुकडा घेऊन ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ नावाच्या जिवाणूची तपासणी करतात. आम्लाच्या या कढईत जिवाणू जगूच शकत नाही, अशी वैद्यकाची दीर्घकाळ समजूत होती आणि अल्सरचे खापर काळजीवर व तिखटावर फोडले जात असे. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ही समजूत मोडली. मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतः त्या जिवाणूचे द्रावण पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जिवाणू आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणात आढळतो. तो अल्सरला कारणीभूत असेल तर साधारण चौदा दिवसांच्या औषधांनी तो घालवता येतो आणि अल्सर पुन्हा होण्याचे चक्र थांबते. इथे एक बारकावा आहे. आम्लाची गोळी चालू असेल तर ही तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. म्हणून आपली गोळी तपासणीआधी दोन आठवडे थांबवायची का, हे दुर्बिणीची तारीख घेतानाच विचारून घ्यावे.

मी रोज सकाळी पर्वती चढतो. गेल्या पंधरा दिवसांपासून निम्म्या पायऱ्या झाल्या की छातीत मध्यभागी जळजळ आणि जडपणा वाटतो. थांबलो, ढेकर दिली की बरे वाटते. गॅसेसचा त्रास वाढला आहे असे दिसते. एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बिणीची तपासणी) करून घ्यावी का?
— वाचक, वय ५८, सहकारनगर

उत्तर: नाही. आपण आज, शक्यतो हे वाचून झाल्यावर लगेच, हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे, आणि तोवर पर्वती चढू नये. चढताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी छातीतली जळजळ ही हृदयाची मानावी लागते, मग तिच्याबरोबर ढेकर येवो अथवा न येवो. आपल्याला ढेकरेने बरे वाटत नसून थांबल्याने बरे वाटत असण्याचा संभव अधिक आहे. विश्रांतीत काढलेला ईसीजी ठीक आला म्हणून निश्चिंत होऊ नये, पुढच्या तपासण्या डॉक्टर ठरवतील. बसल्या जागी जडपणा आला, घाम फुटला किंवा वेदना हातात वा जबड्यात गेली, तर ओवा-सोडा घेऊन वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. संपादकांना विनंती करून मी हे उत्तर छापण्यापूर्वीच आपल्यापर्यंत पोहोचवले आहे. इथे ते छापण्याचे कारण असे, की अशी ‘गॅस’ची तक्रार घेऊन माझ्याकडे येणारे आपण एकटे नाही.

माझ्या वडिलांना (वय ६३, मधुमेह आहे) पंधरा-सोळा वर्षांपासून मूळव्याध आहे. अधूनमधून रक्त पडते. ते ओळखीच्या एका वैद्यांकडून चूर्ण आणतात. गेल्या सहा महिन्यांत त्यांना दम लागतो, हिमोग्लोबिन ९ आले आहे आणि शौचाची सवयही बदलली आहे. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) सांगितली, पण बाबा म्हणतात, “मला मूळव्याध आहे हे माहीतच आहे, त्यात बघायचे काय?” शिवाय त्यांना ही तपासणी लाजिरवाणी वाटते. त्यांना कसे समजवावे?
— वाचक, वय ३४, वारजे

उत्तर: या पत्राला मी सर्वांत जास्त जागा देत आहे, कारण अशा घरातल्या संभाषणाचा शेवट काय होतो हे मी दोन्ही प्रकारे पाहिले आहे.

बाबांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. त्यांना मूळव्याध असेलही. पन्नाशीनंतर कोंब पुष्कळांना असतात. पण मूळव्याध असलेल्या माणसाला मोठ्या आतड्यात दुसरे काही होऊ शकत नाही, असा नियम नाही, आणि रक्त कुठून आले हे शौचकुपात पाहून सांगता येत नाही. त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी जुन्या नावाखाली झाकल्या गेल्या आहेत. सवय बदलली आहे, हिमोग्लोबिन उतरले आहे आणि वय साठीपलीकडे आहे. साठीतल्या पुरुषाचे लोह कमी होत असेल तर ते पोटातून कुठे तरी झिरपत आहे असे धरूनच चालावे लागते, आणि म्हणून त्यांना बहुधा एकाच दिवशी वरून आणि खालून, अशा दोन्ही दुर्बिणी करण्याचा सल्ला मिळेल. त्याला विनाकारण वाढवलेला खर्च समजू नये.

शोध कशाचा घ्यायचा, हेही बाबांना मोकळेपणाने सांगा. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा एकाएकी होत नाही. आधी आतल्या आवरणावर ‘पॉलिप’ नावाची छोटी मांसल गाठ येते आणि तिच्यातल्या काहींचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. पॉलिप सापडला तर त्याच तपासणीत, त्याच दुर्बिणीतून तारेचा फास टाकून तो काढता येतो आणि त्याच्याबरोबर पुढचा धोकाही जातो. निदान आणि उपचार एकाच बैठकीत होणाऱ्या तपासण्या वैद्यकात थोड्या आहेत. रक्तस्रावाचे कारण आतड्याची सूज, क्षयाचे व्रण किंवा खरोखर नुसती मूळव्याध असेल, तर तेही कळेल आणि उपचार नेमका करता येईल.

तयारी हाच या तपासणीतला खरा कंटाळवाणा भाग आहे. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते आणि ते धुऊन स्वच्छ झाले नसेल, तर उत्तम डॉक्टर आणि उत्तम यंत्र यांचाही उपयोग होत नाही. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, कडधान्ये, भाकरी, तीळ, पेरू-टोमॅटोसारखी बियांची फळे बंद करावीत. मऊ भात, वरणाचे पाणी, साल काढलेला बटाटा आणि दही चालते. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे फक्त पातळ पदार्थ द्यावेत, म्हणजे नारळपाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत आणि बीट मात्र टाळावे, कारण लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या सुमारे आठवडाभर आधी थांबवतात, कारण त्यांनी शौच काळी आणि चिकट होते. जुलाबाचे औषध बरेचसे पाण्यात मिसळून घ्यायचे असते. ते दोन हप्त्यांत, अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या चार-सहा तास आधी घेतले, तर आतडे अधिक स्वच्छ होते आणि पिणेही सुसह्य होते. थंड करून प्यायले की त्याची चव कमी जाणवते. शेवटी शौचास पिवळसर, गाळलेल्या पाण्यासारखे होऊ लागले की तयारी झाली असे समजावे.

बाबांना मधुमेह आहे, त्यामुळे सकाळची पहिली वेळ मागून घ्या. उपाशी असताना नेहमीच्या मात्रेत इन्सुलिन किंवा गोळ्या घेतल्या तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून कोणते औषध किती घ्यायचे हे लिहूनच आणावे, घरच्या अंदाजावर ठेवू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर तेही आधी सांगावे, पण स्वतःहून बंद करू नये.

प्रत्यक्ष तपासणीत झोपेचे औषध दिलेले असते. साधारण अर्धा तास लागतो आणि पुष्कळांना नंतर त्यातले काही आठवत नाही. दुर्बीण आधी आतड्याच्या पार टोकापर्यंत नेतात आणि खरे निरीक्षण ती हळूहळू मागे घेताना करतात. पोट फुगल्यासारखे वाटते, वायू सरला की मोकळे होते. आतड्याला भोक पडण्याचा धोका आहे, पण तो निव्वळ तपासणीत हजारात एकाहूनही कमी असतो. पॉलिप काढताना तो थोडा वाढतो. संमतीपत्रावर सही करताना हे सर्व डॉक्टरांना विचारण्याचा आपला हक्क आहे. सीटी स्कॅनने आतड्याची प्रतिमा काढण्याचा पर्यायही आहे, पण त्यालाही आतडे धुवावेच लागते आणि त्यात ना तुकडा घेता येतो, ना पॉलिप काढता येतो. म्हणून बाबांच्या बाबतीत मी तो सुचवणार नाही.

राहिली लाज. तपासणीच्या खोलीत मागे उघडणारी विजार देतात आणि अंगावर चादर असते. तिथल्या माणसांसाठी हे रोजचे काम आहे. बाबांना हे आपल्या तोंडून ऐकणे अवघड जात असेल, तर ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे अशा त्यांच्या एखाद्या मित्राशी त्यांची गाठ घालून द्या. माझ्या अनुभवात डॉक्टरांच्या अर्ध्या तासापेक्षा बागेतल्या बाकावरच्या मित्राची पाच मिनिटे अधिक उपयोगी पडतात. पैशांची अडचण असेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. फक्त आणखी एक पावसाळा यात घालवू नका.

मी हिंजवडीत नोकरी करते. सकाळी निघण्याआधी तीन-चार वेळा शौचास जावे लागते, पोटात मुरडा येतो आणि जाऊन आले की थांबतो. दोन वर्षे झाली. रक्त, लघवी, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी सगळे नॉर्मल. डॉक्टर ‘आयबीएस’ म्हणतात आणि मला मनावर ताण घेऊ नका असे सांगतात. म्हणजे मी नाटक करते का? कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळून तपासावे असे वाटते.
— वाचिका, वय २९, पिंपळे सौदागर

उत्तर: तुम्ही नाटक करत नाही आणि तुमचा मुरडा खरा आहे. आयबीएसमध्ये, म्हणजे ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’मध्ये, आतड्याची रचना ठीक असते, पण त्याच्या हालचाली आणि त्याच्या मज्जातंतूंची संवेदनशीलता बिघडलेली असते. म्हणून आतड्याचे चित्र कितीही स्पष्ट काढले तरी दोष दिसत नाही. घड्याळाचा फोटो काढून ते पुढे धावते की मागे पडते हे कळत नाही, तसेच हे आहे. चहा किंवा न्याहारी पोटात गेली की मोठ्या आतड्याला चालना मिळणे ही प्रत्येकाच्या शरीरातली स्वाभाविक क्रिया आहे. तुमच्या बाबतीत ती अतितीव्र आहे, आणि गाडी चुकण्याच्या धास्तीने ती आणखी भडकते.

हे निदान ‘काही सापडले नाही’ म्हणून केलेले नसावे, त्याला निकष आहेत. २०१६ मध्ये ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत, गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी असावी आणि शौचाशी तिचा संबंध, शौचाच्या वेळांतला बदल व स्वरूपातला बदल यांपैकी दोन गोष्टी असाव्यात. तुमचे वर्णन यात बसते. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्त किंवा वजन घटणे असते, तर मी वेगळे लिहिले असते. आपल्याकडे आतड्याचा क्षय विसरून चालत नाही.

दोन साध्या तपासण्या झाल्या नसतील तर त्या करून घ्याव्यात. एक शौचातील ‘कॅलप्रोटेक्टिन’, जे आतड्यात सूज असल्यास वाढते, आणि दुसरी गव्हाच्या असहिष्णुतेची, म्हणजे सिलिॲक रोगाची, रक्ततपासणी. या दुसरीसाठी त्या काळात गहू खात असणे आवश्यक आहे. आधीच पोळी बंद करून मग ही तपासणी करणाऱ्यांचा अहवाल फसवा येतो. कॅप्सूल सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची असते आणि आठ तासांहून अधिक काळ छायाचित्रे घेत लहान आतड्यातून जाते. दोन्ही दुर्बिणींनंतरही रक्तस्रावाचा उगम सापडत नसेल, तेव्हा तिचा मोठा उपयोग होतो. आतडे कुठे अरुंद झालेले असेल तर ती तिथे अडकू शकते, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नाही. मी तुम्हाला ती सुचवणार नाही.

त्यापेक्षा तीन आठवडे वही ठेवा आणि खाणे, शौच, झोप व पाळीच्या तारखा लिहा. दूध, कांदा-लसूण, राजमा-छोले, गहू आणि साखरविरहित च्युइंगम यांपैकी काही तुमच्या आतड्याला छेडत असेल, तर ते वहीत दिसेल. मात्र आहारतज्ज्ञांच्या मदतीशिवाय सगळे एकदम बंद करू नका. इसबगोलाचा अनेकांना उपयोग होतो, कोंड्याचा होत नाही. डॉक्टरांनी अगदी कमी मात्रेत नैराश्यावरचे औषध लिहिले तर दुखावू नका. त्या मात्रेत ते आतड्याचे मज्जातंतू शांत करण्यासाठी दिलेले असते.

२०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात जुलाबांनंतर जीबीएसचे रुग्ण आढळले. तेव्हापासून घरात कुणाला दोन जुलाब झाले तरी धडकी भरते. प्रत्येक वेळी शौच तपासावे का?
— वाचिका, वय ४१, सिंहगड रस्ता

उत्तर: किरकटवाडी, नांदेडगाव, धायरी परिसरातल्या त्या दिवसांची आठवण ताजी आहे आणि आपली धास्ती समजण्यासारखी आहे. तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस आढळला होता. या जिवाणूशी लढताना शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये क्वचित चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करतात, आणि त्यालाच गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस म्हणतात. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या सुमारे हजारात एखाद्यालाच ते होते.

म्हणून प्रत्येक जुलाबाला शौचतपासणी नको. रक्त किंवा आव पडत असेल, तीव्र ताप असेल, आठवडाभरात थांबत नसेल, किंवा रुग्ण अगदी लहान, वृद्ध, गरोदर अथवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेला असेल, तर ती करावी. एरवी जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाइतक्या पाण्यात पूर्ण विरघळवून थोडे थोडे पाजणे, हाच मुख्य उपचार आहे. उरलेल्या गोळ्यांच्या डब्यातून अँटिबायोटिक काढून देऊ नये. जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना किंवा जमिनीवरून उठताना पाय लटपटू लागले, तर मात्र त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे, कारण उपचार लवकर सुरू होण्याला फार महत्त्व आहे. पाणी खळखळून उकळावे, चिकन पूर्ण शिजवावे आणि ते कापलेल्या पाटावर कोशिंबीर चिरू नये.

मधुमेहाच्या तपासणीत सहज केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. मला कसलाही त्रास नाही. पित्त जास्त झाल्याने खडे होतात का? एकाने सफरचंदाचा रस आणि ऑलिव्ह तेल पिऊन खडे पाडल्याचा संदेश पाठवला आहे.
— वाचक, वय ५२, हडपसर

उत्तर: खडे पित्त वाढल्याने होत नाहीत. पित्तरसातील कोलेस्टेरॉल आणि इतर घटकांचे प्रमाण बिघडले की ते साखरेच्या पाकासारखे घट्ट होऊन खडे बनतात. आम्लाच्या जळजळीशी त्यांचा संबंध नाही. त्रास नसलेल्या बहुतेकांचे खडे आयुष्यभर गप्प राहतात, म्हणून केवळ सोनोग्राफीत दिसले एवढ्यावर शस्त्रक्रियेची घाई नको. आपल्याला मधुमेह आहे, तेव्हा शल्यचिकित्सकांशी एकदा शांतपणे बोलून ठेवावे. त्या तेलाच्या प्रयोगानंतर शौचातून पडणाऱ्या हिरवट गोळ्या म्हणजे तेलाचे आतड्यात झालेले साबण असतात. खडे जिथे होते तिथेच राहतात.

जेवणानंतर उजव्या बरगडीखाली अर्ध्या तासाहून अधिक काळ तीव्र वेदना होऊन ती पाठीत किंवा उजव्या खांद्यात गेली, तर थांबू नये. वेदनेबरोबर थंडी-ताप आणि कावीळ आली, तर खडा पित्तनलिकेत अडकला असण्याची शक्यता असते आणि ती तातडीची परिस्थिती असते. तेव्हा ‘एमआरसीपी’ आणि ‘ईआरसीपी’ ही सारखी वाटणारी दोन नावे ऐकायला मिळतात. पहिला फक्त चुंबकीय स्कॅन आहे, त्यात नलिकेचे चित्र मिळते. दुसरीत तोंडातून दुर्बीण नेऊन नलिकेतला खडा काढतात. तिच्यानंतर शंभरातल्या काही जणांना स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून ती केवळ पाहण्यासाठी करत नाहीत.

आईची एंडोस्कोपी झाली. डॉक्टरांनी तुकडा तपासणीला पाठवला आणि अहवालाला आठवडा लागेल असे सांगितले. आई तेव्हापासून जेवत नाही. तुकडा घेतला म्हणजे कर्करोगच ना?
— वाचिका, वय ३७, चिंचवड

उत्तर: नाही. जठरातली सूज, हेलिकोबॅक्टर, सिलिॲक रोग, साधा अल्सर, या सर्वांसाठी तुकडे घेतात, आणि बहुतेक वेळा कारण यांपैकीच एखादे असते. हा तुकडा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो, तो घेताना दुखत नाही आणि त्याने आजार पसरतही नाही. आठवडा लागतो, कारण तो मेणात बसवून, पातळ काप करून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. अहवाल काय येईल हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी प्रत्यक्ष काय दिसले ते लिहिलेले असते. उद्या तो कागद घेऊन त्यांना भेटा, त्यांना कशाची शंका आहे हे सरळ विचारा आणि ते उत्तर आईसमोरच घ्या. तपासणीनंतर आईला जेवायला मनाई केली नसेल, तर आज मऊ मुगाची खिचडी करून तिच्याजवळ बसून तिला भरवा.